वडाळीभोईच्या अलीकडे, पहाटे ४:४०

ही नोंद ज्याची आहे त्याने ती वाचली, दोन ठिकाणी दुरुस्त केली आणि नाव न घालता छापायला परवानगी दिली. आमच्या गटात सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. वेळा अंदाजपंचे नाहीत. त्याच्या सायकलवरच्या जीपीएसमध्ये, ब्रेव्हे कार्डावरच्या शिक्क्यांत, घरी पाठवलेल्या मेसेजमध्ये आणि ढाब्याच्या बिलावर जशा सापडल्या तशा घेतल्या आहेत. अपघातानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "नेमकं झालं काय?" आणि आम्ही दर वेळी शेवटची चार सेकंदं सांगायचो. सुरुवात त्याच्या अठ्ठावीस तास आधी झाली होती.

सायकल न चालवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. ही सगळी पद्धत पॅरिसच्या ऑडाक्स क्लबची, १९२१ पासूनची. कागदोपत्री ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक निघत नाही. पण एका हंगामात चारही अंतरं केली की 'सुपर रॅन्डोनियर' म्हणवून घेता येतं, आणि पुढे पुणे-गोवा 'डेक्कन क्लिफहँगर' किंवा अमेरिकेतली 'रॅम' यांची स्वप्नं पाहणारा प्रत्येक जण याच पायऱ्या चढतो. त्यामुळे शेजारच्या सायकलवाल्याशी स्पर्धा नसली तरी घड्याळाशी असतेच.

आमची ब्रेव्हे ४०० ची होती. नाशिकहून आग्रा रोडने चांदवड, मालेगाव, धुळे आणि शिरपूरच्या अलीकडे तापीजवळ वळसा, मग त्याच रस्त्याने परत. दादाचं २०० आणि ३०० त्या हंगामात झालं होतं.

शुक्रवारची रात्र, १२:३०. अपघाताला २८ तास १० मिनिटं

मार्चअखेर होता. दादा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वर्षअखेरीची मालमोजणी म्हणजे शेवटचा आठवडाभर घरी यायला रात्रीचे दहा. त्या रात्री तो सव्वादहाला आला, जेवला, साखळीला तेल दिलं, दिवे चार्जिंगला लावले, दोन ट्यूब, पंपाची पिशवी, ओआरएसच्या पुड्या, राजगिऱ्याचे लाडू भरले. अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा साडेबारा वाजले होते.

वहिनींनी विचारलं होतं, "उद्या नाही गेलात तर काय बिघडेल?" त्याचं उत्तर असं, की पुढचं ४०० दीड महिन्याने आहे, तेव्हा धुळ्याकडचं ऊन परवडायचं नाही. उत्तरात तथ्य होतं. हंगामाचं गणित असंच असतं.

शनिवार, पहाटे ४:००. २४ तास ४० मिनिटं

गजर. साडेतीन तास झोप. त्याआधीच्या चार रात्री रोज पाच-साडेपाच तास. हा आकडा आम्हाला नंतर वहिनींकडून कळला, एका वहीवरून. दादाची कारखान्यातून परतायची वेळ वहिनी मुलांच्या शिकवणीच्या वहीत टिपून ठेवत असत, कारण जेवण गरम करायला उठावं लागे. चहा, एक केळं, आणि तो निघाला.

५:३०. २३ तास १० मिनिटं

गोल्फ क्लब मैदानाजवळ तपासणी. हेल्मेट आहे? आहे. मागे दोन लाल दिवे? आहेत. पुढे दिवा, जादा ट्यूब, चमकणारं जाकीट? सगळं आहे. स्वयंसेवक एकेका सायकलीचा ब्रेक दाबून बघत होते, चाक फिरवून बघत होते. काम मन लावून चाललं होतं आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या टेबलावर सायकलीबद्दल सगळं विचारलं जातं आणि सायकल चालवणाऱ्याबद्दल काहीच नाही. "काल किती झोपलात?" हा प्रश्न मी आजवर एकाही ब्रेव्हेच्या सुरुवातीला ऐकलेला नाही. नाशिकला नाही, पुण्याला नाही, मुंबईला नाही.

६:००. २२ तास ४० मिनिटं

द्वारका ओलांडून आडगाव, ओझर. हवेत गारवा होता. पिंपळगावपर्यंतचे तीस किलोमीटर कुठे गेले कळलं नाही. द्राक्षाचा हंगाम सरत आला होता, बाजार समितीकडे कांद्याचे ट्रॅक्टर लागले होते. सायकलस्वारांमध्ये गप्पा चालू होत्या, दादा सगळ्यात पुढे. नाशिकचे लोक या रस्त्यावर सराईत आहेत. पंढरपूरची सायकल वारी शेकडो जण करतात, कसारा घाटात पहाटे पहाटे रांगा लागतात. या गावाला सायकलचं वेड आहे ते खरंच, आणि मला त्याचा अभिमान आहे.

चांदवड नऊ वाजता. राहुड घाट उतरून उमराणं, सौंदाणं. मालेगावचा शिक्का १०:५५ ला.

दुपारी १:३०. १५ तास १० मिनिटं

धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला डावीकडे तापलेला दिसतो आणि रस्त्यावरून वाफ येते. दादाच्या जीपीएसने ४१ अंश दाखवलं. सायकलवरचं यंत्र उन्हात तापून थोडं जास्तच दाखवतं, तरी ऊन चाळिशीच्या आसपास होतंच.

ढाब्यावर कडुनिंबाखाली बाजा होत्या. आम्ही चौघे तिथे ४० मिनिटं थांबलो. बाकीच्यांनी ताक, भात, थोडी डाळ खाऊन वीस मिनिटं डोळे मिटले. दादाने दोन ताकं प्यायली, भात सोडला, आणि बाजेवर बसून फोनवर होता. कारखान्यात कुठल्याशा बॉल बेअरिंगच्या मोजणीत फरक निघत होता. "रॅक नंबर सातच्या मागे बघ," असं तो कुणाला तरी तीनदा सांगत होता. वीस मिनिटांची डुलकी ही त्या दिवशीची पहिली संधी. ती रॅक नंबर सातच्या मागे गेली.

उन्हातल्या श्रमाने भूक मरते, घामावाटे मीठ जातं, आणि शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं. हे प्रत्येक लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला पाठ असतं. आम्ही सगळे मीठ-पाण्याचा हिशेब करतो, दर तासाला किती घोट, दर बाटलीत किती पुड्या. झोपेचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही, कारण झोप कमी पडली तर पायात गोळे येत नाहीत.

४:४५. ११ तास ५५ मिनिटं

वळसा. २०० वा किलोमीटर. इथलं कंट्रोल ७:२० ला बंद होणार होतं, म्हणजे आमच्या हातात दोन तास पस्तीस मिनिटं जादा होती. त्यातला तासभर तिथेच झोपून काढता आला असता. पण हातातली वेळ खर्चायला कुणी तयार नसतं. रात्री पंक्चर झालं तर? वारा फिरला तर? म्हणून ती पुढे पुढे नेत राहायची. आमच्या खेळातली ही सर्वांत जुनी सवय आहे, आणि तिचं मूळ खेळाच्या जन्मातच आहे.

१८९१ साली पॅरिसहून ब्रेस्ट आणि परत अशी १,२०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. शार्ल तेरों ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकला. जिंकला कसा? पुढे असलेला जिएल-लावाल झोपला होता, आणि तो झोपलेला असतानाच तेरों त्याला मागे टाकून पुढे गेला. झोपलेला हरला, जागा राहिला तो जिंकला. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आजही दर चार वर्षांनी होते, शेकडो भारतीय जातात. आणि आम्ही प्रत्येक जण परतल्यावर किती तास झोपलो हे सांगतो, ते जितकं कमी तितक्या अभिमानाने. मला ही सवय घातक वाटते आणि ती मोडली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी ५:१० ते ८:००

समोरून वारा. परतीला नैर्ऋत्येकडे तोंड, आणि या दिवसांत वारा पश्चिमेचा. सोनगीरच्या टोलनाक्यापर्यंत ताशी चौदा-पंधराने चाललो. सूर्य थेट डोळ्यांत. यापलीकडे या तीन तासांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

रात्री ८:०५. ८ तास ३५ मिनिटं

धुळे. शेवभाजी मागवली, तिखटाने दादाला ती गेली नाही. अर्धी वाटी वरण-भात खाल्ला. बिलावर ८:४४ ही वेळ आहे. आमच्या चौघांपैकी एकाने इथेच थांबायचं ठरवलं. त्याने आयोजकांना फोन केला, "मी डीएनएफ," इतकं सांगितलं आणि एसटी स्टँडकडे सायकल वळवली. डीएनएफ म्हणजे पूर्ण न केलेला. यादीत नावापुढे ही तीन अक्षरं लागतात. त्याला त्या वेळी आम्ही "अरे, चल ना, रात्री गार होईल" म्हणून आग्रह केला होता. तो ठाम राहिला. रविवारी सकाळी तो घरी मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठा कापून देत होता.

१०:२०. ६ तास २० मिनिटं

झोडग्याच्या अलीकडे दादाचं मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली बारीक तार. आग्रा रोडवर हे नेहमीचंच, आणि दादा आमच्यातला पंक्चरचा वस्ताद. सात-आठ मिनिटांत चाक परत बसवणारा माणूस.

त्या रात्री ३५ मिनिटं लागली. मी टॉर्च धरून होतो, म्हणून हे अगदी जवळून पाहिलं. त्याने तार काढली, टायरच्या आतून बोट फिरवलं, नवी ट्यूब घातली, आणि हवा भरायला लागला तेव्हा लक्षात आलं की पंक्चर झालेलीच ट्यूब परत घातली होती. दोन्ही ट्यूब मांडीवर शेजारी शेजारी होत्या. पुन्हा टायर उकललं. मग चाक बसवताना साखळी गिअरच्या चुकीच्या बाजूने गेली. तो काही न बोलता तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "हे असं का दिसतंय?"

थकलेले पाय कुणालाही दिसतात. हाताचं कसब हरवणं हे मेंदूचं लक्षण आहे. लष्करात, दवाखान्यात, विमानतळावर रात्रपाळी करणारे ते ओळखतात. आम्ही सायकलवाले त्याला "दमलाय" म्हणतो आणि चिक्की पुढे करतो.

१२:२०. ४ तास २० मिनिटं

मालेगाव, २९५ किलोमीटर. पेट्रोल पंपावरचं कंट्रोल, शिक्का. बंद व्हायला एक तास वीस मिनिटं बाकी. पंपाच्या मागच्या शेडमध्ये तीन-चार ट्रकचालक चादरी अंथरून घोरत होते आणि बाजूची फरशी मोकळी होती. स्वयंसेवक म्हणालाही, "टेका थोडं." तिसऱ्या साथीदाराने ऐकलं आणि तो तिथे आडवा झाला. नाशिकला तो सकाळी ८:३५ ला पोचला, वेळेत, एकटा.

दादाने घरी मेसेज केला. तो अजून वहिनींच्या फोनमध्ये आहे: "मालेगव. छन. सकाळी नाशत्याला घर".

इथे मला महाजन बंधूंची आठवण होते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजेच 'रॅम', दोघांच्या संघाने पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून अटलांटिककडच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. लोकांच्या लक्षात अंतर राहतं. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते: एक भाऊ सायकलवर तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेत असे. झोप त्या योजनेच्या आतच होती. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर, नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत. त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीही. एकट्याने म्हटलं तरी मागे गाडी असते, माणसं असतात. आता उतर आणि झोप, आता ऊठ, हे सांगणारा जागा माणूस असतो. रात्री तर मदतीची गाडी सायकलच्या मागोमाग राहिलीच पाहिजे असा तिथला नियम. इतकं करूनही त्या शर्यतीत २००३ मध्ये ब्रेट मालिन न्यू मेक्सिकोत आणि २००५ मध्ये डॉ. बॉब ब्रीडलव्ह कोलोरॅडोत वाहनाच्या धडकेने गेले.

ब्रेव्हेत मागे गाडी नसते. असूही द्यायची नाही, तोच तर नियम. मग त्या जाग्या माणसाचं काम कोण करणार? सोबत असलेला दुसरा सायकलस्वार, जो स्वतःही तितकाच जागा.

१:३०. ३ तास १० मिनिटं

सौंदाण्यापाशी दादाने विचारलं, "पिंपळगाव किती राहिलं?" मी सांगितलं. दहा मिनिटांनी परत तेच. मग तिसऱ्यांदा. उत्तर ऐकून तो "हं" म्हणायचा, पण ते "हं" उशिरा यायचं.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी काही लोकांना जागं ठेवलं आणि त्याच लोकांना दुसऱ्या वेळी दारू पाजून तीच चाचणी दिली. सतत १७ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्याइतका ढळतो, २४ तास जागलेल्याचा साधारण ०.१० टक्के असलेल्याइतका. आपल्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे. त्यापुढे गाडी चालवली तर गुन्हा. दादा या क्षणी साडेएकवीस तास जागा होता, साडेतीन तासांच्या झोपेवर, दिवसभर उन्हात तापून. तो दारूच्या थेंबाला शिवत नाही.

२:२०. २ तास २० मिनिटं

राहुड घाटाचा पायथा. घाटात दादा सुधारला. चढाला उभं राहून पेडल मारावं लागतं, श्वास लागतो, माणूस जागा राहतो. मागून येणाऱ्या कंटेनरचे हॉर्न, ब्रेकचा जळका वास, दरीकडून थंड झुळूक. रेणुकामातेच्या मंदिराशी त्याने हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "संपलं रे आता, उतारच आहे." मलाही हायसं वाटलं.

३:३०. १ तास १० मिनिटं

चांदवड. अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाचं गाव, पण या वेळी जागी होती ती फक्त हायवेवरची चहाची टपरी. दोन-दोन कप चहा, पार्ले-जी. दादाने टेबलावर कपाळ टेकलं आणि चार-पाच मिनिटं तो तसाच होता.

मी म्हणालो, "दादा, इथेच अर्धा तास पडू. बाकडी मोकळी आहेत."

तो उठून उभा राहिला. "पडलो तर उठणार नाही मी. पिंपळगावात बघू."

हिशेब मांडतो. नाशिक ६५ किलोमीटर. कट-ऑफ सकाळी ९. टपरी सोडली ३:५५ ला, म्हणजे पाच तास पाच मिनिटं हातात. रस्ता बहुतेक हलक्या उताराचा. ताशी सोळाने गेलं तरी चार तास चार मिनिटं पुरेत. एक तास उरत होता. त्या तासात पुरता झोपून, तोंड धुऊन, शिक्क्यासाठी वेळेत पोचता आलं असतं. दिवसभर ज्यासाठी वेळ राखून ठेवली ती वेळ आमच्याकडे होती आणि वापरली गेली नाही. चहातल्या कॅफिनला अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो झोपेची जागा घेत नाही, फक्त हाक दाबून ठेवतो.

३:५५. ४५ मिनिटं

पहाटे तीन ते पाच या वेळेला माणसाच्या शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत खाली असतं. रात्रपाळीचे अपघात, ट्रकचं पलटी होणं, बस दरीत जाणं, यांच्या बातम्यांत "पहाटेच्या सुमारास" हे शब्द उगाच येत नाहीत. त्यात आमचा घाट संपलेला, श्वास खाली बसलेला, अंगावर गार वारा, पोटात गोड चहा. चाकं आपोआप फिरत होती. झोपेला याहून चांगली परिस्थिती मिळत नाही.

४:२०. २० मिनिटं

मी त्याच्या पन्नासेक मीटर मागे होतो. समोर दोन लाल दिवे, एक स्थिर, एक लुकलुकणारा. ते हळूहळू डावीकडे सरकले, पांढऱ्या पट्टीपलीकडे गेले आणि झटकन परत आले. "दादा!" मी ओरडलो. त्याने हात वर केला. मी जवळ गेलो, शेजारी चालवायला लागलो, मुलांच्या परीक्षेचं काढलं. दोन-तीन वाक्यं बोलला. मागून ट्रकांची रांग आली तेव्हा शेजारी चालवणं शक्य नव्हतं, मी परत मागे झालो.

जीपीएसची नोंद आता बघितली की अंगावर काटा येतो. ४:२० ते ४:३८ या काळात वेग २४, मग १७, मग २६, मग १५. पेडलचे फेरे पाच वेळा शून्यावर. प्रत्येक शून्य तीन ते सहा सेकंदांचं. ही झोपच होती, उघड्या डोळ्यांची. तिला सूक्ष्मझोप म्हणतात; मेंदू काही सेकंद बंद पडतो आणि ज्याचा पडतो त्याला ते कळतही नाही. म्हणूनच दादा आजही सांगतो, "मी झोपलो नव्हतो." तो खोटं बोलत नाही.

४:३८. २ मिनिटं

डाव्या साइडपट्टीवर कांद्याचा ट्रक उभा होता, अर्धा डांबरावर. मागचे दिवे बंद. सावधगिरी म्हणून चालकाने मागे दोन मोठे दगड आणि बाभळीची एक फांदी ठेवली होती.

४:४०

वेग ताशी २४. म्हणजे सेकंदाला साडेसहा मीटरपेक्षा थोडं जास्त. चार सेकंदांत सत्तावीस मीटर. दोन्ही लाल दिवे सरळ रेषेत डावीकडे गेले. ब्रेक लागला नाही. फांदी चाकाखाली मोडल्याचा आवाज आधी आला.

पुढचं भरभर सांगतो. १०८ ला फोन, १०३३ ला फोन. चालक केबिनमधून उतरला, त्याने ताडपत्री आणली, मागून येणाऱ्या गाड्यांना बॅटरी दाखवत रस्त्यात उभा राहिला. दादाला हलवायचं नाही एवढं आम्हाला ठाऊक होतं, ते पाळलं. मानेच्या दुखापतीत त्यानेच पुढचं नुकसान टळलं असं डॉक्टर नंतर म्हणाले. रुग्णवाहिका आली, पिंपळगावात प्राथमिक उपचार, मग नाशिक. गळपट्टीचं हाड, चार बरगड्या, मानेच्या एका मणक्याला तडा. हेल्मेट मागून पुढे उभं चिरलेलं.

पोलिसांसमोर त्या चालकाने सांगितलं, की नाशिककडे जाताना चांदवड सोडल्यावर डोळे मिटायला लागले, म्हणून गाडी बाजूला घेतली आणि झोपला. दिवे चालू ठेवले तर बॅटरी उतरते. धोकादायक रीतीने गाडी उभी करणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि पूर्ण साइडपट्टी सोडून, दिवे लावून, चमकणारा त्रिकोण मागे ठेवून तो थांबायला हवा होता. पण झोप आली म्हणून थांबण्याचा निर्णय त्या रात्री त्या रस्त्यावर योग्यच होता, हेही मला लिहायलाच हवं. महामार्गावर ट्रक सुरक्षित लावून झोपायला पुरेशा जागा असत्या तर तो तिथे नसता. या मागणीसाठी सायकलवाल्यांनी आणि ट्रकवाल्यांनी एकत्र उभं राहायला हवं.

मानेची शस्त्रक्रिया झाली. दादा कामावर जातो. डाव्या हाताची पकड पूर्ण परत आलेली नाही. शर्टाचं वरचं बटण वहिनी लावून देतात. सायकल त्याने पुतण्याला दिली.

नाशिकच्या आणि नाशिकबाहेरच्या आयोजकांना माझी विनंती आहे. सुरुवातीच्या तपासणीत हेल्मेट आणि दिव्यांच्या ओळीखाली एक ओळ वाढवा: मागच्या दोन रात्री मिळून किती तास झोप. ४०० आणि ६०० ला रात्री बारा ते तीनमध्ये लागणाऱ्या कंट्रोलवर चार सतरंज्या आणि उठवायला एक माणूस ठेवा. डीएनएफ घेणाऱ्यांची नावं पूर्ण करणाऱ्यांइतक्याच आदराने वाचा.

आणि तुम्ही या हंगामात ४०० ला निघणार असाल तर सोबत्याला आधीच सांगून ठेवा, की माझा लाल दिवा पट्टीबाहेर गेला तर माझं काही न ऐकता मला थांबव. आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर टेबलावरून कार्ड उचलू नका. पुढचं ४०० दीड महिन्यानेच असतं.